शर्यतीचा बैल आणि शोरूमचा ‘ऑन’: स्पोर्ट्स कारचा भाव ठरतो कसा?

विट्याचा माझा भाचा बारावीला आहे. अभ्यासाचं माहीत नाही, पण पोर्श या जर्मन स्पोर्ट्स कार कंपनीचे सगळे मॉडेल नंबर त्याला तोंडपाठ आहेत. गेल्या महिन्यात सांगलीला आला होता, तेव्हा जेवता जेवता त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. “मामा, हे बघा. अमेरिकेतल्या शोरूमवाल्यानं पोर्शच्या काचेवरच्या छापील किमतीखाली आपली वेगळी चिठ्ठी चिकटवलीय. बाजारभावाचा फरक म्हणून वर ५० हजार डॉलर! आपल्याकडं पाण्याच्या बाटलीवर दोन रुपये जास्त घेतले तरी माणूस भांडतो. तिकडं कोण काही बोलत नाही?”

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात पलंगावरून माझे वडील बोलले, “त्यात काय नवल? आमच्या वेळी स्कूटरवर ऑन घेत होते की.”

हे एका वाक्यातलं उत्तर बरोबर होतं. पण पोराचं समाधान झालं नाही, म्हणून हा लेख.

छापील किंमत छापतं कोण?

आधी एक गैरसमज दूर करू. पाण्याच्या बाटलीवर जी एमआरपी असते, ती कमाल किंमत. पाकीटबंद मालासाठी आपल्याकडे तसा कायदा आहे, त्यामुळे त्याच्या वर पैसे घेणं गुन्हा. मोटारीवर एमआरपी नसते. कंपनी जाहीर करते ती एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रोड टॅक्स, विमा आणि नोंदणी धरायच्या आधीची.

अमेरिकेत गाडीच्या काचेवर जो कागद असतो, तो १९५८ च्या कायद्यानं आला. सिनेटर माइक मन्रोनी यांनी तो आणला, म्हणून त्या कागदाला आजही ‘मन्रोनी स्टिकर’ म्हणतात. त्याआधी डीलर तोंडाला येईल तो आकडा सांगायचा आणि गिऱ्हाइकाला मूळ किंमत किती, जादा बसवलेल्या वस्तूंचे किती, वाहतुकीचे किती, याचा पत्ता नसायचा. कायद्यानं हा हिशेब काचेवर लावायला भाग पाडलं. मात्र त्याच किमतीला विकायला भाग पाडलं नाही. काचेवर असते ती कंपनीनं ‘सुचवलेली’ किंमत.

सुचवलेलीच का? कारण डीलर हा कंपनीचा नोकर नसून वेगळा व्यापारी आहे. तो कंपनीकडून गाडी विकत घेतो आणि पुढे विकतो. मार्केट यार्डात सौदा झाला, पैसे चुकते झाले, की ती हळद व्यापाऱ्यानं पुढे कितीला विकावी हे शेतकरी सांगू शकत नाही. तसंच हे. त्यात अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत डीलरांना संरक्षण देणारे कायदे आहेत, कंपनीला मधल्या डीलरला डावलून थेट गिऱ्हाइकाला गाडी विकता येत नाही. म्हणजे कंपनी डोळे वटारू शकते, पण त्याचा गल्ला आपल्या हातात घेऊ शकत नाही.

मग वरचे पैसे कशाचे?

आता वडिलांची स्कूटर. बजाज चेतक १९७२ साली आली. तेव्हा कारखान्यानं किती माल काढायचा हेही सरकारी परवान्यावर ठरायचं. मागणी अफाट आणि उत्पादनाला कुंपण, त्यामुळे नंबर लागायला कित्येक वर्षं जायची. वडिलांनी १९७८ ला नोंदवलेली स्कूटर १९८५ ला आली. मधल्या काळात मी जन्मलो आणि शाळेत जायला लागलो.

ती घेऊन वडील घरी आले त्याच संध्याकाळी गल्लीतले एक अडत दुकानदार दारात हजर. मूळ किमतीवर वर पैसे द्यायला तयार, रोख. हे वरचे पैसे म्हणजे ‘ऑन’. इथून पुढे मी हाच शब्द वापरणार आहे, कारण इंग्रजीतले सगळे गुळगुळीत शब्द झाकतात ते हा शब्द उघडं ठेवतो.

त्या दुकानदाराला स्कूटर काय वेगळी मिळणार होती? चाकं दोनच, इंजिन तेच. त्याला सात वर्षं थांबायचं नव्हतं, एवढंच. ऑन स्कूटरचा नव्हता, रांगेतल्या जागेचा होता. पोर्शवरचे ५० हजार डॉलरही रांगेतल्या जागेचे. एवढं एक डोक्यात बसलं की या धंद्यातल्या निम्म्या कोड्यांची उत्तरं आपसूक मिळतात.

फरक एकच. चेतकची रांग परवान्यानं लावली होती. स्पोर्ट्स कारची रांग कंपनी स्वतः लावते.

रांग लावायची कला

मागणीपेक्षा एक गाडी कमी बनवायची, असं फेरारीचं धोरण सांगितलं जातं. ते संस्थापक एन्झो फेरारी यांच्यापासूनचं. २०२४ साली फेरारीनं जगभर मिळून १३,७५२ गाड्या दिल्या. आपली मारुती वर्षाला २० लाखांच्या वर गाड्या विकते, म्हणजे फेरारीचं वर्षभराचं काम मारुतीचं दोन-तीन दिवसांचं.

कंपनी प्रत्येक डीलरला ठरावीक गाड्यांचा कोटा देते. याला अलोकेशन म्हणतात. पोर्श ९११ जीटी३ सारख्या गाड्या एखाद्या डीलरच्या वाट्याला वर्षात मोजक्याच येतात. त्या तो कुणाला देणार? जो आधीपासून त्याच्याकडून गाड्या घेतो त्याला. नवखा माणूस पैसे घेऊन गेला तर त्याला गोड बोलून सांगतात, ‘आधी एक केयेन घ्या, घरच्यांसाठी एखादी मकान घ्या, मग बघू.’ (केयेन आणि मकान या पोर्शच्याच उंच, घरगुती वापराच्या गाड्या.)

हे ऐकून भाच्याला आश्चर्य वाटलं, मला अजिबात नाही. खरिपाच्या तोंडावर युरिया आणायला गेलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ‘लिंकिंग’ माहीत आहे: युरिया पाहिजे तर ही सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली पण घ्या. जीटी३ हा युरिया, केयेन ही बाटली. फरक इतकाच की केयेन निदान चालते तरी.

म्हणजे ऑन दोन प्रकारचा. एक उघड, चिठ्ठी चिकटवून घेतलेला. दुसरा झाकलेला, नको असलेली गाडी गळ्यात बांधून, किंवा जास्तीच्या ॲक्सेसरीज, कोटिंग, विमा, ‘हँडलिंग’ अशा नावांनी बिलात मिसळलेला. आपल्याकडे दुसराच जास्त चालतो.

औताचा बैल आणि मैदानाचा बैल

आता रिसेल, म्हणजे गाडी पुन्हा विकताना येणारी किंमत. साध्या गाडीचं गणित सोपं आहे. शोरूममधून बाहेर पडली की भाव उतरतो, पुढे दरवर्षी थोडा थोडा. औताच्या बैलासारखं. वय किती, दात किती, काम किती करतो, यावर खरसुंडीच्या यात्रेत त्याचा भाव ठरतो आणि वयाबरोबर तो खालीच येतो.

शर्यतीच्या बैलाचं तसं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत मैदानं पुन्हा गाजू लागली आणि गुलाल घेणाऱ्या खिलाराचे भाव मोटारीला लाजवतील असे झाले. तो भाव बैलाच्या कष्टाचा नसतो, त्याच्या नावाचा असतो. आणि नावाचा भाव कधी पडतो? बैल म्हातारा झाल्यावर, हे खरंच. पण त्याहून अचानक पडतो तो शेजारच्या गावात त्याच्यापेक्षा पळणारा खोंड तयार झाल्यावर. पहिल्याचे पाय तेच असतात, दम तोच असतो. फक्त तो आता एकटा राहिलेला नसतो.

पोर्शचं २०१६ चं ९११ आर हे मॉडेल याचा नमुना आहे. कंपनीनं फक्त ९९१ गाड्या काढल्या. अमेरिकेतली किंमत १,८४,९०० डॉलर. जीटी३ आरएसचं दमदार इंजिन, पण हातानं टाकायचे गिअर. त्या वेळच्या जीटी३ ला फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळायचा, त्यामुळे हाताच्या गिअरच्या नादिष्टांना ही एकच गाडी. बाजारात ती मूळ किमतीच्या कित्येक पटीनं मागू लागले.

पुढच्याच वर्षी पोर्शनं साध्या जीटी३ लाही हाताचा गिअर दिला आणि पाठीमागचा मोठा पंख नसलेली ‘टूरिंग’ आवृत्तीही काढली. दिसायला आणि चालवायला आरच्या जवळची, आणि मर्यादित आकडा नाही. ९११ आरचे भाव धपकन खाली आले. ती मूळ किमतीच्या वरच राहिली हे खरं, त्यामुळे ज्यांनी शोरूममधून छापील भावानं घेतली होती ते फायद्यातच होते. शेंड्यावर घेणाऱ्यांनी मात्र रांगेतली जागा घेतली होती, आणि रांगच पांगली.

म्हणून ‘ही गाडी भाव धरते का?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. कुठल्या भावाला घेतली ते आधी सांगा. समजा छापील किंमत १००, ऑन ४०. दोन वर्षांनी बाजार ११० देतो. छापील भावानं घेणारा चौकात सांगेल की माझी गाडी वाढली. ऑन देऊन घेणाऱ्याचे ३० गेले. गाडी तीच, रंग तोच.

आणखी एक गंमत. या गाड्यांचा भाव टिकतो तो न चालवल्यानं. २,००० किलोमीटर झालेली आणि २०,००० झालेली यांत मोठा फरक पडतो. म्हणजे शर्यतीचा बैल घ्यायचा आणि गोठ्यातून बाहेर काढायचा नाही. मला हा प्रकार कधीच झेपलेला नाही.

“मग कंपनीच किंमत का वाढवत नाही?”

हा भाच्याचा पुढचा प्रश्न, आणि चांगला प्रश्न. लोक १४० द्यायला तयार असतील तर कंपनी १०० ला विकून ४० डीलरच्या खिशात का घालते?

पहिलं कारण, रांग हीच जाहिरात. ज्या हॉटेलासमोर रविवारी सकाळी मिसळीसाठी लोक उभे असतात, तिथं आपणही गाडी थांबवतो. दर दुप्पट केला तर रांग जाईल आणि रांगेबरोबर ती हवाही. दुसरं कारण, वर नेलेली किंमत मंदीत खाली आणावी लागते, आणि चढ्या भावानं घेतलेलं जुनं गिऱ्हाईक ते विसरत नाही. तिसरं, कंपनी तशी भोळी नसते. शिवणीचा रंग, कार्बनच्या सीट, खास रंगकाम, याचे जे पैसे लागतात ते ऐकून आपल्याकडे माणूस दुसरी गाडी घेईल. आणि जीटी३ च्या आशेवर विकलेल्या केयेनचा नफा कंपनीलाच जातो.

“ही लूट आहे, बंद करा की”

वडिलांचं मत असंच. मला ते पटतं, पण अर्धंच. कारण डीलरनं ऑन सोडला, तर तो गिऱ्हाइकाच्या खिशात राहतो असं नाही. छापील भावानं गाडी मिळालेला माणूस दुसऱ्या आठवड्यात ती विकायला काढतो आणि ऑन तो घेतो. रांग आहे तोवर फरकाचे पैसे कुणीतरी खाणारच.

हे थांबवायचा सर्वांत गाजलेला प्रयत्न फोर्डचा. २०१६ मध्ये त्यांनी फोर्ड जीटी या गाडीसाठी चक्क अर्ज मागवले. ५०० गाड्यांसाठी साडेसहा हजारांवर अर्ज आले. ज्यांना मिळाली त्यांच्याकडून करार करून घेतला: दोन वर्षं विकायची नाही. त्यातला एक भाग्यवान म्हणजे जॉन सीना. हो, तोच कुस्तीवाला. सांगलीच्या तालमीतली पोरंही ज्याची नक्कल करतात तो. साडेचार लाख डॉलरच्या वर मोजून घेतलेली गाडी त्यानं काही आठवड्यांतच विकली. फोर्डनं २०१७ च्या शेवटी त्याच्यावर दावा लावला. २०१८ मध्ये तडजोड झाली आणि तिची रक्कम धर्मादाय कामाला गेली.

पोर्शनं २०२३ च्या ९११ एस/टी साठी वेगळी शक्कल लढवली. अशा १,९६३ गाड्याच काढायच्या होत्या, आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना ती पहिलं वर्ष भाड्यानं, म्हणजे लीजवर, घ्यावी लागली. गाडी नावावरच नाही तर विकणार कशी? डीलरांच्या बाजूनं लगाम घातला डॉज या अमेरिकी कंपनीनं. २०१७ मध्ये त्यांच्या डीमन गाडीच्या वेळी त्यांनी जाहीर केलं की छापील किमतीला किंवा त्याखाली ठरलेल्या ऑर्डरी आधी बनवू, ऑनवाल्या नंतर. ही मला यातली सगळ्यात डोकेबाज युक्ती वाटते. पोलिस नको, करार नको. ऑन घेणाऱ्यालाच रांगेच्या शेवटी उभं केलं.

“पण मामा, ही गुंतवणूकच ना? सोन्यासारखी?”

हे विचारणारा पोरगा गलाईवाल्याच्या घरातला, म्हणून मला हसू आलं. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात. दिवाळीत आणि यात्रेला गावात केरळ, तमिळनाडूच्या नंबरप्लेट दिसतात त्या यांच्याच. मी त्याला म्हटलं, तुझ्या बापाला विचार, सोन्याला भाव का असतो? वितळवलं तरी सोनंच राहतं म्हणून. कुणाच्या गळ्यात होतं, कुठल्या वर्षी घडवलं, याला गलाईच्या भट्टीत किंमत नाही. गाडीचं बरोबर उलटं. तिचा भाव फक्त गोष्टीत आहे: किती बनल्या, कोणता रंग, मालक किती, सर्व्हिसचं पुस्तक पूर्ण आहे का. वितळवली तर भंगार.

आणि गोष्टी बदलतात. जग्वारनं १९८८ मध्ये एक्सजे२२० दाखवली तेव्हा तिच्यात १२ सिलिंडरचं इंजिन होतं आणि चारही चाकांना ताकद जाणार होती. स्पोर्ट्स कारचे भाव तेव्हा आकाशाला भिडलेले. लोकांनी ५० हजार पौंड अनामत भरून नंबर लावले. कितीतरी जण चालवायला नव्हे, पुढे विकायला. १९९२ मध्ये गाडी आली ती ६ सिलिंडरची, मागच्या चाकांवर चालणारी. मधल्या काळात मंदी आली होती. काल रांगेत घुसण्यासाठी धडपडणारी माणसं आता रांगेतून सुटण्यासाठी कोर्टात गेली. जेमतेम २८० च्या आसपास गाड्या बनल्या, त्याही खपायला वर्षं लागली.

याच्या उलट प्रसंग आपण सगळ्यांनी नुकताच पाहिला. करोनानंतर गाडीत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपचा तुटवडा पडला, नव्या गाड्या मिळेनात, आणि अमेरिकेत जुन्या गाड्यांचे भाव जानेवारी २०२२ मध्ये आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी वर होते. साध्यासुध्या गाड्यांचेसुद्धा. त्या वर्षी ज्यानं त्यानं स्वतःला हुशार गुंतवणूकदार समजून घेतलं. चिप आल्या आणि हुशारी ओसरली.

सांगली-साताऱ्यात याचा काय संबंध?

पोर्श घेणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घाटाची हौस असली, यवतेश्वरची किंवा पसरणीची वळणं कितीही खुणावत असली, तरी प्रत्येक गावच्या वेशीवरचा स्पीडब्रेकर त्या गाडीच्या पोटाला लागणार. पण ऑनचं गणित थारलाही लागतं. ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आली, पाठोपाठ वेटिंग आलं, आणि मिरज रोडवरच्या माझ्या ओळखीच्या एजंटाकडे वर्षभर वापरलेली थार जवळपास नव्याच्या भावाला जाऊ लागली. ३ ऑक्टोबर २०२४ ला पाच दारांच्या थार रॉक्सचं बुकिंग उघडलं तर पहिल्या तासात पावणेदोन लाखांवर नोंदी. पुरवठा वाढेल तशी ही जादू विरते.

आणि भाव पडायला नवं मॉडेलच लागतं असं नाही, सरकारी कागदही पुरतो. २२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांवरचा जीएसटी बदलला, छोट्या गाड्यांवर तो २८ वरून १८ टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली म्हटल्यावर त्याच दिवशी अंगणातली जुनीही स्वस्त झाली. माझ्या त्या एजंटाच्या शेडमध्ये तेव्हा ११ गाड्या उभ्या होत्या. तो आठवडाभर कुणाशी धड बोलत नव्हता.

परदेशातून तयार येणाऱ्या स्पोर्ट्स कारना हा धोका जास्त, कारण त्यांच्या इथल्या किमतीत मोठा वाटा कराचा असतो. आयातशुल्क १०० टक्क्यांच्या वर गेलेलं. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात ठरावीक संख्येच्या मोटारींवरचं हे शुल्क टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांपर्यंत खाली आणायचं ठरलं आहे. मॅक्लारेन, ॲस्टन मार्टिन या ब्रिटनमध्येच बनतात. पूर्ण शुल्क भरून आणलेली अशी गाडी आज ज्याच्या दारात आहे, त्यानं रिसेलचा हिशेब पुन्हा मांडलेला बरा.

जुनी महागडी गाडी घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण यात माझ्या ओळखीचे दोघं फसलेत. परराज्याच्या नंबरची गाडी ‘कमी किमतीत’ मिळते तेव्हा तिच्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा बाकी असतो. इथं देशात बनलेल्या, स्वतःच्या नावावर घेतलेल्या २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर आहे आणि त्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख झाली. दुसरी गोष्ट, नवी गाडी घेताना विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही. झाकलेला ऑन बहुतेक वेळा तिथंच सापडतो.

भाच्याला एवढं सगळं सांगून झाल्यावर तो माडीखालच्या खोलीत गेला. वडिलांची चेतक तिथं अजून उभी आहे, पोत्यांच्या आड. १९८५ च्या त्या संध्याकाळी त्यांनी ऑन नाकारला होता आणि पुढं पंचवीस वर्षं तिच्यावरून अख्खं घर वाहिलं. पोरानं धूळ पुसून फोटो काढला, कुठल्यातरी जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकला. चहा होईपर्यंत कोल्हापूरच्या कुणाचा तरी निरोप आला: ‘ओरिजिनल रंग दिसतोय. द्यायचीय का?’

पोरानं पलंगापाशी जाऊन आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

वडिलांनी चष्मा लावला, फोटो नीट बघितला आणि म्हणाले, “ऑन किती देतोय विचार.”